काशाची वाटी

माय,

आज गाठोडं आलं. बडनेऱ्याहून रेल्वेने, भाडं सात आणे. स्टेशनावरून घरापर्यंत हमाल. त्याने दीड आणा मागितला, मी एक दिला. दादाने पाठवलंय. आत तुझी काळी घोंगडी, तीन ठिकाणी कसरीने खाल्लेली. एक लोखंडी पळी. एक विळा, मुठीविना. चार शेर तुरीची डाळ, पण ती वहिनीने घातलेली, तुझी नव्हे. आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली काशाची वाटी. दादाने कुणाकडून तरी दोन ओळी लिहवून घेतल्या आहेत: घर शाकारायला काढलं, उतरंड हलवली, तर सगळ्यात खालच्या गाडग्यात ही निघाली. 'माय म्हने खालच्याले हात लावू नोका, म्हनून आमी कोनी लावला नाई. तुही असंन. चेपलेली हाय.'

ही वाटी नाल्यात वाहून गेली होती. मी दहा वर्षांची होते आणि ती वाहून गेली म्हणून तू मला आपल्या दारात, पाटलीणबाई आणि वेचणीच्या सगळ्या बायांसमोर तुऱ्हाटीने मारलं होतंस. पहिली तुऱ्हाटी मोडली तेव्हा कुडाची दुसरी ओढून घेतलीस. मग ही वाटी उतरंडीत कशी? सकाळपासून घरातली कामं उरकली, देवाला नैवेद्य दाखवला, हे जेवून कचेरीत गेले, आणि मी तेव्हाची हिच्यासमोर बसले आहे. तू गेलीस त्याला अठरा वर्षं झाली. मेलेल्या माणसाला वाईट बोलू नये असं लोक म्हणतात. पोथीत तसं कुठे नाही. मी रोज वाचते, मला माहीत आहे. तेव्हा बोलते.

आधी पडितापासून सुरू करते, कारण भांडण तिथलं आहे. आपल्या वावराच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठाने, एक पट्टा होता. त्यात एक थोरली बाभूळ, चारदोन लहान, पळसाची झुडपं, बोरी, आणि मधे पांढऱ्या मुरमाची उघडी जागा. बापाने तो कधी नांगरला नाही. 'जमिनीलेबी एक कोपरा निजाले लागते,' म्हणायचा. तो पटकीने गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि त्यानंतर तो कोपरा माझा झाला. कोणत्या बोरीला आधी पाड लागतो, घोरपड कोणत्या कपारीत शिरते, पळसावर मुंग्या वर चढायला लागल्या की किती दिवसांनी पाणी येतं, हे मला गावातल्या कुठल्याही बाप्यापेक्षा नीट कळत होतं. आणि टिटवी. मुरमावर ती चार खडे टाकल्यासारखी अंडी घालायची. उंचावर घातली तर पाऊस जास्त, खोलगट जागी घातली तर कमी. पेरणीच्या आधी पारावरची म्हातारी माणसं मला हाक मारत: "ये पोट्टे, टिटवी कुठी बसली व यंदा?" मी कमरेवर हात ठेवून सांगायची. एकदा पाटील हसून म्हणाले, "हे पोट्टी पाटीलकी घेते आता माही." माझ्या आयुष्यात पुरुषमाणसांनी मला काही विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं, ते तेवढंच. नंतर कुणी विचारलं नाही, ह्यांनीसुद्धा नाही. बाभळीचा डिंक वेचून विकला, त्या पैशांत मी पाटी घेतली आणि गावच्या पंतोजींच्या ओसरीच्या कडेला जाऊन बसायला लागले. तू 'नको' म्हणाली नाहीस, हे कबूल करते. 'हो'ही म्हणाली नाहीस.

मग कापसाचं वेड आलं. लांब कुठे साहेबलोकांत लढाई चालली आहे म्हणून आपला कापूस सोन्याच्या भावाने जातो, एवढंच गावाला माहीत. अमरावतीच्या बाजाराला गेलेला माणूस परत येताना धोतराच्या सोग्यात रुपये बांधून आणी आणि चालताना तो सोगा मुद्दाम मांडीवर आपटत येई. पाटलांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. गायरान नांगरलं, उकिरडे नांगरले, मारुतीच्या पाराला खेटून पऱ्हाटीची, कापसाच्या झाडांची, तासं म्हणजे ओळी आल्या. ज्वारी कुणी पेरेना. आणि गाड्या कमी पडायला लागल्या. गाड्यांना आख लागत, आऱ्या लागत, ते बाभळीचे. नांदगावचा सुतार आला, बाभळीला हात लावून बघितला, आणि तू तिथल्या तिथे मान हलवलीस.

बाभूळ पाडली ते मी एक वेळ गिळलं असतं. चैत्र संपत आला होता. मी पंतोजींच्या ओसरीवरून दुपारी परत येत होते, तर पट्ट्यात औत उभं. शेजारचे बाबाजी, ज्यांच्याकडून तू औत मागून आणलं होतंस, ते बैल थांबवून खाली वाकलेले.

"अंडे हायेत व बाई. चार हायेत. एवढी जागा सोडून देतो."

"हाका," तू म्हणालीस.

"टिटवीचे हायेत. आमच्या बापापासून सोडत आलो आमी."

"तुमच्या वावरात सोडा. माह्या वावरात माह्या पोरायचं पोट हाय. हाका म्हनलं ना."

ते हलले नाहीत. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती. मी धावत आले, म्हटलं, "माये, थांब व, मले उचलू दे." तू माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, "कावून? रान काय तुह्या बापाचं हाय?" आणि त्यांच्या हातचा कासरा घेऊन बैल तूच हाकलेस.

बापाचंच होतं ते. तू बोलताना तुलाही ते कळलं असणार, कारण बोलून झाल्यावर तू तोंड फिरवलंस. पण बैल थांबवले नाहीस. चार तासं जास्त मिळाली तुला. चार. मी पेरणीनंतर मोजली.

आता सीतादहीचं. इथे अकोल्यात, आमच्या जठारपेठेतल्या बायकांना सांगितलं तर नीट कळत नाही, त्यांना कापूस गाठोड्यात बांधलेलाच माहीत. म्हणून सगळं एकदा ओळीने लिहून काढते, मी काही विसरले नाही हे तुला कळावं म्हणून. कार्तिकात बोंडं फुटली की पहिल्या वेचणीच्या सकाळी वावराच्या ईशान्य कोपऱ्यात सात खडे मांडायचे, शेंदूर लावायचा, तिथे दहीभात ठेवायचा आणि थोडं दही पऱ्हाटीवर शिंपडायचं. दही जसं घट्ट आणि पांढरं, तसा कापूस. ठेवणारीने वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, चव घ्यायची नाही. ती ठेवून येईपर्यंत बाकीच्या बायांनी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, थांबायचं आणि ती आल्यावर ओटी बांधून वेचायला शिरायचं. सवाशिणीचं काम ते. तू विधवा, म्हणून ठेवायला मला घेतलंस, कुवारी चालते म्हणून. पण दही लावायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

आपली गाय तेव्हा आटलेली. पाटलीणबाईने शेरभर दूध द्यायचं कबूल केलं ते दोन पायल्या ज्वारी दळून दिल्यावर. तू ती दळलीस. वाटीही तुझ्या माहेरची, लग्नात आलेली, घरातलं एवढंच काय ते काशाचं भांडं. हे मला मोठेपणी उमगलं असं लिहिलं तर ऐकायला बरं वाटेल. पण मला तेव्हाच ठाऊक होतं. तुझ्या तळहाताला आलेला फोड मी पाहिला होता. पाहूनही मी ते केलं.

पऱ्हाटी माझ्या डोक्याच्या वर होती. दहा पावलांत मी तुम्हा सगळ्यांना दिसेनाशी झाले. ईशान्य कोपऱ्यात तू आदल्या दिवशी मांडलेले खडे होते. त्यांच्यापुढून मी गेले आणि नाल्याच्या काठाने खाली, जिथे बाभळीचा खुंट राहिला होता तिथे. खुंटाशी माती उकरली, सगळा दहीभात तिथे ओतला, वर वाटी पालथी घातली आणि तिच्यावर सात खडे ठेवले. सात मोजून. एक जड होता, त्याने वाटीला चेप आला. विधी मी पुरा केला माय, फक्त देव बदलला. मोठ्याने म्हटलं, "घे, हे तुहं." मग धुऱ्यावर आले.

"ठेवलं?" तू विचारलंस.

"हाव."

"अन् वाटी?"

वाटीचा मी विचारच केला नव्हता. "नाल्यात हात धुवाले गेली, तं वाहून गेली."

नाल्याला घोटाभर पाणी होतं. तू खाली जाऊन शोधू लागली असतीस तर मी मेलेच असते. पण धुऱ्यावरची एक बाई हळूच म्हणाली, "सीतादहीची वाटी गेली व माय," आणि पाटलीणबाईने पदर तोंडाला लावला. त्या दिवशी वेचणी झाली. घरी आल्यावर तुऱ्हाटी झाली.

त्या साली कापूस उत्तम निघाला. तुला आठवतं का, की तुझ्या सोयीने विसरलीस? गंजी घरात मावेना. बाकीच्यांनी विकला, तुला कुणीतरी सांगितलं, अजून चढेल, तर तू थांबलीस. पौषात अमरावतीचे दलाल यायचे थांबले. मग बातमी आली की भाव पडला, आणि असा पडला की गाडीभाडं सुटेना. ज्यांनी विकला होता त्यांचे शेंब्यांचे बैल होते. आपल्याकडे घरभर कापूस आणि खायला ज्वारी नाही. त्या महिन्यात आपण काय खाल्लं? तरोट्याची भाजी नव्हती, ती पावसाळ्यातली. मी दुसऱ्यांच्या बांधांवरून पाथरी आणि चिवळ खुडून आणली, उंबरं आणली, नाल्यातल्या खेकड्यांची बिळं मला माहीत होती. तू शिजवलंस, दादाला आधी वाढलंस, आणि एकदाही म्हणाली नाहीस की पोरीच्या रानाने घर चाललं. उलट म्हणायचीस, "भटकभवानी, पायाले भोवरा हाय तुह्या."

मग विहिरीवरची ती सकाळ. तू घागर भरत होतीस, मी चुंबळ धरून उभी. पाटलीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय व, दही कोनं लावलं होतं तुह्या घरी?"

"मीनंच."

"अन् ठेवलं कोनं?"

"पोरीनं. कुवारी हाय ते."

"ठेवनारीचं काय नाई व. लावनारीचा हात पाह्यला पायजे. रांडावल्या हाताचं दही, सीतामाय खाईन का?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. तू घागर तशीच धरून माझ्याकडे वळलीस आणि आवाज न चढवता विचारलंस, "ठेवलं होतं ना व तू? बराबर जागेवर?"

मी म्हटलं, "हाव."

दुसऱ्या वेचणीला एकही बाई आपल्या धुऱ्यावर आली नाही. तू एकटी वेचत होतीस, संध्याकाळी बोटं बोंडांनी फाटलेली. माघात तू मला अमरावतीला मावशीकडे पोहोचवलंस, भांडी घासायला आणि तिची पोरं सांभाळायला. गाडीत बसवताना एवढंच म्हणालीस, "तठी रानात नोको फिरत जाऊ." रडली नाहीस. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले, गाव मागे पडेपर्यंत.

मी मावशीकडे गेल्यावर दोन वर्षांनी अमरावतीत मुलींची शाळा निघाली आणि मावशीच्या यजमानांनी मला तिथे घातलं. मराठी सहावीपर्यंत झालं माझं. इथे अजून बायका पत्र वाचून घ्यायला येतात. शाळेतल्या बाईंनी एकदा नकाशा लावून सांगितलं की समुद्रापार ज्या देशात कापूस पिकतो तिथली लढाई संपत आली, म्हणून आपला भाव पडला. मी बाकावर बसून नकाशाकडे बघत राहिले. म्हणजे दह्याचा संबंध नव्हता. तुझ्या हाताचा नव्हता, माझ्या बाभळीचाही नव्हता. त्याच दिवाळीला मी गावी आले. तुला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सांगितलं नाही. त्या चार अंड्यांबद्दल तू चार वर्षं तरी झुरावंस असं माझ्या मनात होतं. मग चार संपली, पुढची संपली, सवय झाली. आणि खरं म्हणजे नकाशावर माझा पूर्ण विश्वासही बसला नाही. मी देवाचं करणारी बाई आहे. देवापुढचं उचलून दुसरीकडे ठेवलं, ह्याचा हिशेब लढाईत कसा मिटेल?

तू मात्र विहिरीवरच्या त्या सकाळपासून दही सोडलंस. लावणंही आणि खाणंही. लग्नानंतर एकदाच तू अकोल्याला आलीस, रेल्वेने, डब्यात खिडकीला न बसता खाली बसून. मी कढी केली होती. तू वाटी बाजूला सारलीस.

"मले नोको."

"चांगल्या म्हशीचं दूध आहे. टाकायचं का आता मी?"

"टाकू नोको, तू खाय. माह्यानं फाटते व दही. माहा हातच तसा हाय."

जावयासमोर म्हणालीस ते. मला तेव्हा इतका राग आला की मी ती कढी खरोखरच तुझ्यासमोर मोरीत ओतली. काटकसरीचं माझं एवढं नाव, पण ती ओतली. मला वाटलं, तू मुद्दाम टोचते आहेस, वाटी हरवली म्हणून अजून. सहा महिन्यांनी तू गेल्याचं कळलं.

आणि आता ही वाटी. चेप तोच आहे, काठावर तुझ्या माहेरच्या तांबटाने ठोकलेले पाच ठिपके तेच आहेत. माझ्या लक्षात यायला सकाळचा अर्धा प्रहर गेला. पहिल्या दिवाळीला आले तेव्हा बाभळीच्या खुंटाच्या जागी खड्डा होता. तू म्हणालीस, सरपणाला खणून काढला, एकटीने. म्हणजे तू खणलंस आणि तुला हे सापडलं. पालथी वाटी, वर सात खडे. तुला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तू वाटी पुसलीस, चिंधीत बांधलीस, सगळ्यात खालच्या गाडग्यात घातलीस, वर उतरंड रचलीस, आणि विहिरीवर जाऊन पुन्हा ऐकून घेतलंस की तुझाच हात वाईट. माझ्या घरी, माझ्या नवऱ्यासमोर, माझ्या कढीपुढे बसून तेच बोललीस. तुला माहीत होतं आणि बोललीस.

कशाला? मी मागितलं होतं? मला गावाने बोललं असतं, चार दिवस बोललं असतं, कुवारी पोर होते, संपलं असतं. तू पऱ्हाटीच्या चार तासांसाठी माझं रान घेतलंस आणि माझी चूकही घेतलीस. एक तरी वस्तू माझ्याकडे ठेवायची होतीस. आता लोक म्हणतील केवढी ही आई. म्हणोत. मी म्हणणार नाही. ज्या बाईला टिटवीची जागा सोडवली नाही तिने हे असलं मोठेपण मला गुपचूप करून ठेवू नये.

एकच विचारायचं आहे. खुंट तू कधी खणलास? मला माघात अमरावतीला धाडण्याच्या आधी, की नंतर? वेचणीनंतर मी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं, म्हणून मला सांगता येत नाही, दादाही तेव्हा पोरच होता. आधी खणला असशील तर तू सगळं कळून मला घरातून काढलंस. काढलंस म्हणून, की पाटलीणबाईच्या तोंडून सोडवलंस म्हणून, ते मी माझं बघेन. नंतर खणला असशील तर माझ्या 'हाव'वर विश्वास ठेवून तू मला गाडीत बसवलंस. दोन्हींतलं कोणतं वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे पत्र पोथीच्या रुमालात जाईल, दुसरं कुठे जाणार. वाटीला चिंच लावून घासायला घेतली होती, ती तशीच ठेवली. आणि एक सांगते, ह्यांना सांगितलेलं नाही: दुपारी टपालात जाऊन अर्ध्या आण्याचं जोडकार्ड आणलं. उत्तराच्या अर्ध्यावर इथला पत्ता माझ्या हाताने लिहून ठेवला आहे. तुला लिहिता येत नव्हतं हे मला माहीत आहे. आधी असेल तर एक रेघ ओढ. नंतर असेल तर कोरंच टाक. पण उलट टपालाने कळव.